हवा एक, हंडे दोनशे!



संगमनेरजवळच्या एका गावातून आठवीतल्या मैत्रिणीचे पत्र आले आहे. चांगले चार पानी आहे, आणि त्यात थोडे भांडणही आहे. तिचा दादा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. मध्यंतरी त्याला कावीळ झाली आणि महिनाभर तो घरी पडून होता. बुडालेल्या तासांचे व्हिडिओ कॉलेजच्या नेटवर्कवर ठेवलेले आहेत. रात्री बसून ते पाहायचे, वहीत उतरवून घ्यायचे आणि परीक्षेला बसायचे, असा त्याचा बेत. पण रात्री नऊ वाजले की सरांचा हात फळ्यावर जिथे असेल तिथेच थिजतो आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहते! दादा म्हणतो, "मॅच बघणाऱ्यांनी सगळं नेट खाल्लं." मॅचवाले म्हणतात, "आम्हीपण फी भरलीय." रेक्टर म्हणतात, "भांडाल तर अकरानंतर वाय-फाय बंदच करून टाकतो."

पत्राच्या शेवटी तिचा प्रश्न आहे: "काका, दादाची खोली कॉरिडॉरच्या अगदी टोकाला आहे. तिथे वाय-फायची एकच कांडी दिसते, म्हणून त्याचा व्हिडिओ अडकत असेल हे कळलं. पण त्याचा मित्र राउटरच्या बरोबर खाली राहतो. त्याच्या मोबाईलवर सगळ्या कांड्या भरलेल्या असतात, तरी त्याचाही व्हिडिओ अडकतो. असं का? आणि यात चूक कोणाची?"

प्रश्न झकास आहे. "चूक कोणाची" या प्रश्नाचे उत्तर तर दादाला मुळीच आवडणार नाही, बरं का! पण तिथवर पोचायला आधी थेट हवाई बेटांवर जाऊन यावे लागेल. चला.

पॅसिफिक महासागराच्या मधोमध ही बेटे आहेत. हवाई विद्यापीठाचा मोठा संगणक त्यातल्या ओआहू बेटावर, होनोलुलू शहरात होता. ही १९७० च्या आसपासची गोष्ट. तेव्हा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले यंत्र. प्रत्येक कॉलेजात एकेक घेणे परवडणारे नव्हते. मग दुसऱ्या बेटावरच्या विद्यार्थ्याने तो वापरायचा कसा? टेलिफोनच्या तारेवरून? त्या तारांचे भाडे जबर आणि भरवसा कमी. विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक होते. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा त्यांना भारी नाद, आणि त्या नादापायीच ते हवाईला येऊन राहिले होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांना रामराम ठोकला आणि रेडिओलहरींवरून संगणकाशी बोलायचे ठरवले. जून १९७१ मध्ये हे जाळे सुरू झाले. नाव ठेवले 'अलोहानेट'. अलोहा म्हणजे तिकडचा नमस्कार! मधे बसून सगळ्यांचे निरोप घेणाऱ्या छोट्या संगणकाचे नाव होते 'मेनेहूने'. हवाईच्या लोककथांमध्ये मेनेहूने नावाचे बुटके लोक रात्रीतून गुपचूप मोठमोठी कामे उरकतात, त्यांच्यावरून.

वेग किती? सेकंदाला ९६०० बिट. बिट म्हणजे एक 'शून्य' किंवा एक 'एक'. निरोपाच्या एका पुडक्यात फार तर ८० अक्षरे मावत. व्हिडिओची तर गोष्टच नको. पण आज होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जी अडचण आहे, तीच तिथे होती. सगळ्यांना बोलायला लहर एकच. मग कोणी कधी बोलायचे?

अब्रॅमसन यांचे उत्तर वाचून तुम्हांला हसू येईल. वाटेल तेव्हा बोला! निरोप नीट पोचला तर मेनेहूने "पोचला" म्हणून कळवील. दोघे एकदम बोलले तर दोन्ही निरोपांची खिचडी होईल आणि "पोचला" येणार नाही. मग थोडे थांबा आणि पुन्हा पाठवा. मात्र किती थांबायचे हे प्रत्येकाने आपले आपण, नशिबावर ठरवायचे. का? अहो, दोघेही मोजून तेवढेच थांबले तर पुन्हा एकदमच बोलतील ना! अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच वेळी डावीकडे, मग एकाच वेळी उजवीकडे सरकत राहतात, तशी गत.

हे चालले, आणि छान चाललेसुद्धा. पण गणित केल्यावर दिसले की गर्दी वाढली की अशा जाळ्यात १०० क्षणांपैकी फार तर १८ क्षण कामी लागतात. बाकीचे शांततेत किंवा खिचडीत जातात. पुढच्याच वर्षी लॅरी रॉबर्ट्स यांनी सुचवले की बोलणे घड्याळाच्या ठोक्यालाच सुरू करा, अधेमधे नको. तेवढ्या एका शिस्तीने १८ चे ३७ झाले.

आजचे वाय-फाय याच घराण्यातले. फक्त ते थोडे सुधारले आहे: बोलण्याआधी कान देते. दुसरे कोणी बोलत असेल तर गप्प बसते. हवा मोकळी झाली की लगेच तुटून पडत नाही. मनाशी एक आकडा धरते, उलटे मोजते आणि शून्याला पोचले की बोलते.

हा खेळ घरी करून बघा. चार जण बसा. प्रत्येकाने ० ते १५ अशा सोळा चिठ्ठ्या करून आपापल्या टोपीत ठेवायच्या. "हवा मोकळी!" असे ओरडले की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. सर्वांत लहान आकडा ज्याचा, त्याने उठून एक वाक्य बोलायचे. सर्वांत लहान आकडा दोघांचा सारखाच निघाला तर दोघांनी एकदम बोलायचे. झाली खिचडी! अशा दोघांनी पुढच्या खेपेला ० ते ३१ मधून चिठ्ठी उचलायची, पुन्हा खिचडी झाली तर ० ते ६३ मधून. चार जणांत पन्नास फेऱ्यांत किती खिचड्या होतात ते वहीत मांडा. मग शेजारपाजारची पोरे गोळा करून बारा जणांत खेळा. आकडा कसा वाढतो ते बघाच. खरे वाय-फाय हेच करते, फक्त त्याचा एकेक आकडा सेकंदाच्या दशलक्षांश भागांत मोजून होतो.

या खेळात एक गोष्ट लक्षात आली का? एका वेळी बोलतो एकच. राउटरसुद्धा त्यातच आला. होस्टेलमधले दोनशे मोबाईल आपल्याला वाटते एकाच वेळी व्हिडिओ दाखवताहेत. पण एका राउटरच्या हवेत एका क्षणी बहुधा एकाचेच पुडके चाललेले असते.

आता कांड्यांकडे वळू. मोबाईलवरच्या कांड्या सांगतात ते एवढेच, की राउटरचा आवाज तुमच्या मोबाईलला किती मोठा ऐकू येतो. रांगेत तुमच्या पुढे किती जण उभे आहेत हे कांड्या सांगतच नाहीत! सार्वजनिक नळाच्या अगदी शेजारी घर असले म्हणून पहाटे हंडा आधी भरतो का? नंबर लावावाच लागतो.

नळावरचे भांडण ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढची गंमत लगेच कळेल. समजा नळावर नियम आहे: प्रत्येकाने एका पाळीला एक हंडा भरायचा. ऐकायला अगदी न्याय्य. पण एकाच्या हंड्याचे तोंड इतके चिंचोळे आहे की तो भरायला बारा मिनिटे लागतात. बाकीच्यांचे एकेका मिनिटात होते. हंडा सगळ्यांना एकच मिळतो, पण नळ सगळा वेळ कोण अडवून बसतो?

वाय-फायमध्ये नेमके हेच होते. राउटर जवळ असेल तर तो भरभर बोलतो. दूर असेल, मधे भिंती असतील, तर ऐकणाऱ्याला नीट कळावे म्हणून सावकाश, एकेक अक्षर सुटे करून बोलतो. १९९९ सालच्या वाय-फायचे आकडे घ्या, हिशेबाला सोपे आहेत. जवळच्या मोबाईलशी सेकंदाला ११० लाख बिट, टोकाच्या मोबाईलशी १० लाख. १२,००० बिटचे एक पुडके जवळच्याला सुमारे एक मिलिसेकंदात पोचते, टोकाच्याला बारा मिलिसेकंद लागतात. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ साली हा हिशेब मांडून दाखवला. एक हळू मोबाईल जाळ्यात आला की सगळेच त्याच्या चालीने चालू लागतात! आजची वाय-फाय याच्या कितीतरी पट वेगवान आहेत, पण जवळचा आणि टोकाचा यांच्यातला फरक तसाच आहे.

म्हणजे राउटरखालच्या मित्राचा व्हिडिओ अडकण्यात टोकाच्या खोलीतल्या दादाचाही वाटा आहे. ज्याच्यावर अन्याय होतोय असे वाटत होते, तोच हवेतला सर्वांत जास्त वेळ घेत होता. बिचाऱ्याला त्याचा पत्ताही नाही. नवे काही राउटर वेगळा नियम पाळतात: प्रत्येकाला हंडा नाही, वेळ सारखा. त्याने बाकीचे सुटतात, पण चिंचोळ्या हंड्याच्या वाट्याला घोटभरच पाणी येते. यातला खरा न्याय कोणता? तुमच्या वर्गात यावर वादविवाद स्पर्धा घ्या. मला तर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

पण मुळात व्हिडिओलाच एवढे पाणी का लागते? हिशेब करू. पडद्यावर आडवे १२८० आणि उभे ७२० ठिपके धरा. गुणाकार येतो ९,२१,६००. प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट. हे झाले एक चित्र. सेकंदाला अशी २५ चित्रे. पंचेचाळीस मिनिटांचा तास धरला तर गोळाबेरीज होते जवळजवळ १८७ जीबी! कित्येक लॅपटॉपची निम्मी-अधिक जागा एकाच तासाला. प्रत्यक्षात मात्र तोच तास अर्ध्या जीबीत बसतो. म्हणजे ३७० भागांपैकी ३६९ भाग कुठेतरी गेले, आणि आपल्या डोळ्यांना पत्ताही नाही!

यात दोन युक्त्या आहेत. पहिली सोपी. सर फळ्यावर लिहीत असतात तेव्हा या चित्रात आणि पुढच्या चित्रात फरक तो किती? हात थोडा सरकला, खडूची रेघ वाढली. फळा तोच, भिंत तीच, भिंतीवरचे घड्याळ तेच. मग पूर्ण चित्र कधीतरी एकदा पाठवायचे आणि मधे फक्त "काय बदलले" तेवढे. क्रिकेटच्या मॅचमध्ये कॅमेरा सारखा धावतो, गर्दी हलते, म्हणून तिला तासापेक्षा जास्त बिट लागतात. तेव्हा दादाच्या तक्रारीत थोडे तथ्य आहे, नाही असे नाही.

दुसरी युक्ती शोधणारा माणूस आपल्या बंगळूरचा. नासिर अहमद यांचा जन्म १९४० चा. बंगळूरला इंजिनिअरिंग शिकून ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस राज्यातल्या विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या मनात असे आले की चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडावेत आणि प्रत्येक चौकोन हा काही ठरावीक लहरींची बेरीज आहे असे मानावे. मोठ्या संथ लहरी म्हणजे एकसारखा रंग. बारीक लहरी म्हणजे बारीक नक्षी. भाजीत काय काय किती पडले हे चवीवरून ओळखायचे आणि पाककृती लिहून पाठवायची, भाजी नाही! बारीक लहरींपैकी बऱ्याचशा डोळ्यांना जाणवतच नाहीत, त्या पाककृतीतून खुशाल गाळायच्या. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे पैसे मागितले. मिळाले नाहीत. त्यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी ती पद्धत छापून प्रसिद्ध केली. तिचे नाव 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म'. नाव विसरलात तरी चालेल. आजीचा व्हॉट्सॲपवर आलेला फोटो, दादाचा तास, मॅच, सगळीकडे ती किंवा तिची भावंडे काम करतात. पुढे गणितात 'कोसाइन' भेटला की या माणसाची आठवण ठेवा.

आता ते गोल चक्र. मोबाईल व्हिडिओ येईल तसा लगेच दाखवत नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी साठवतो आणि खाली नळाला सोडतो. वरून पाणी हबकत, थांबत आले तरी खाली धार चालू राहते. टाकी कोरडी पडली की चक्र! व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकडा भारी, मध्यम, हलका अशा तीन-चार प्रतींमध्ये तयार असतो. मागचा तुकडा किती वेळात आला आणि टाकीत किती शिल्लक आहे हे बघून मोबाईल पुढचा मागवतो. चित्र मधेच धूसर होते आणि पुन्हा लख्ख होते ते यामुळे. धूसर होणे हा बिघाड नव्हे, तो मोबाईलचा शहाणपणा आहे. टाकी रिकामी होण्यापेक्षा पाणी जरा गढूळ बरे.

एवढे सगळे कॉलेजच्या आवारात बसवायचे तर राउटर कुठे लावायचे हाही मोठा उद्योग आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९३ साली ॲलेक्स हिल्स यांनी आवारभर बिनतारी जाळे उभारायला घेतले. 'वाय-फाय' हे नावसुद्धा तेव्हा जन्मले नव्हते, ते १९९९ चे. तिथले सुरुवातीचे जाळे सेकंदाला २० लाख बिटचे, आणि तेही सगळ्यांत वाटून घ्यायचे! त्यांना काय काय आढळले बघा. शेजारच्या दोन राउटरना एकच लहर दिली तर ते एकमेकांवर ओरडतात. वाय-फायच्या जुन्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या लहरी तीनच: १, ६ आणि ११ नंबरच्या. तीनच रंग घेऊन नकाशा असा रंगवायचा की शेजारी-शेजारी एक रंग येऊ नये. त्यात वरचा आणि खालचा मजला हेही शेजारीच, कारण लहरी स्लॅबमधून आरपार जातात. भिंत कोणत्या लहरीला किती अडवील हे नुसत्या नकाशावरून कळत नाही, मोजावेच लागते. मोजून मोजून पाय दुखले म्हणून की काय, हिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने चाकांची एक ढकलगाडीच तयार केली. आवारात फिरवली की जागोजागचे मोजमाप आपोआप टिपून घेणारी! २००४ साली त्यांनी तिची माहिती छापली. नाव 'रोलअबाउट'.

आणि गर्दीच्या जागी त्यांनी काय केले? आपल्याला वाटेल की मोठ्या व्याख्यानगृहात एक दांडगा राउटर लावावा. उलट! तिथे छोटे-छोटे जास्त राउटर लावायचे आणि प्रत्येकाचा आवाज मुद्दाम कमी ठेवायचा. एका मैदानावर चार वर्ग भरले असतील तर चारही बाईंनी हळू बोलावे, तरच चारही वर्ग शिकतील. आईबाबांसाठी जाता जाता एक सूचना: घरातला राउटर लोखंडी कपाटामागे किंवा फ्रिजवर ठेवला असेल तर तो आधी हलवा.

आता सगळ्यात गमतीचा भाग. होस्टेलमध्ये दीडशे मुले एकच मॅच, एकाच क्षणी बघताहेत. चेंडू एकच, षटकार एकच. तरी राउटर तोच षटकार दीडशे वेळा, एकेकाला वेगवेगळा पाठवत असतो! हवेत तर एकदा बोललेले सगळ्यांनाच ऐकू जाते. मग सर जसे शुद्धलेखन एकदाच सांगतात आणि सगळा वर्ग लिहितो, तसे का करत नाहीत?

करता येते. पण शुद्धलेखनाच्या तासाला काय होते ते आठवा. "सर, चौथा शब्द पुन्हा." "सर, माझा सातवा राहिला." "सर, अकरावा!" दीडशे मुलांचे दीडशे वेगवेगळे शब्द निसटले तर सर सांगून सांगून दमतील. म्हणून सगळ्यांसाठी एकदम बोलताना वाय-फाय "पोचला का?" असे विचारतच नाही. शिवाय टोकाच्या खोलीतल्यालाही कळावे म्हणून सर्वांत सावकाश वेगाने बोलते. मॅच त्या वेगात मावत नाही. झाली पंचाईत!

इथे एक सुंदर युक्ती आहे. सरांनी चार आकडे सांगितले: ७, १२, ५, ९. मग पाचवा आकडा त्यांची बेरीज, ३३. कोणाचा पहिला निसटला, कोणाचा तिसरा. सरांनी कोणालाही काही विचारायचे नाही. ज्याचा ५ राहिला तो म्हणेल, ३३ वजा ७ वजा १२ वजा ९, उत्तर ५. ज्याचा १२ राहिला त्यालाही हीच बेरीज पुरते. दीडशे मुलांच्या वेगवेगळ्या चुका एकाच जादा आकड्याने भरून निघाल्या! मायकेल लूबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली हीच कल्पना पार टोकाला नेली. पाठवणाऱ्याने मूळ पुडक्यांच्या नाना तऱ्हेच्या बेरजा करून सोडतच राहायचे. घेणाऱ्याने त्यांतल्या मिळतील त्या पुरेशा गोळा करायच्या. मूळ पुडकी जितकी, त्याहून थोड्याच जास्त बेरजा हाती आल्या की सगळे मूळ परत मिळते. त्यांनी नाव दिले 'डिजिटल कारंजे'. कारंज्याखाली पेला धरला तर कोणता थेंब आला असे कोणी विचारते का? पेला भरल्याशी कारण.

दुसरी वाट अमेरिकेतल्या एमआयटीच्या शिमॉन याकुबचाक आणि दीना कताबी यांनी २०११ साली मांडली. ती समजायला आईबाबांना जुन्या टीव्हीबद्दल विचारा. एक जण गच्चीवर अँटेना फिरवतोय, खालून सगळे ओरडताहेत, "आलं, आलं... गेलं!" तेव्हा लहर क्षीण झाली की पडद्यावर मुंग्या येत, पण चित्र दिसत राही. आजचे डिजिटल चित्र दिसले तर लख्ख, नाहीतर ठप्प. या दोघांनी आकडेच अशा तऱ्हेने लहरींवर चढवले की लहरीत थोडा बिघाड झाला तर चित्रातही थोडाच बिघाड व्हावा. एकच प्रक्षेपण, जवळच्याला स्वच्छ चित्र, दूरच्याला थोड्या मुंग्या, आणि उपाशी कोणीच नाही.

आपल्याकडेही "एकदाच बोला, सगळे ऐकतील" याचे प्रयोग चालू झाले आहेत. टीव्हीच्या मनोऱ्यावरून इंटरनेटशिवाय थेट मोबाईलवर चित्र पाठवायच्या चाचण्या २०२३ साली बंगळूर, नोएडा आणि दिल्लीतील कर्तव्यपथ इथे झाल्या.

पण दादाची परीक्षा जवळ आली आहे, तेव्हा त्याच्यापुरते बोलू. दादा, मोबाईल घेऊन टोकाच्या खोलीतून उठ आणि राउटरजवळ कॉरिडॉरमध्ये सतरंजी टाक. तुझा हंडा रुंद होईल आणि बाकीच्यांचाही नळ सुटेल. फळ्यावरची अक्षरे वाचता येतात तोवर मध्यम प्रतीचा व्हिडिओ बघ. आणि शक्य असेल तर पहाटे पाचचा गजर लावून दिवसाचे दोन तास उतरवून घे. तेव्हा हवा रिकामी असते. मॅचवाल्यांनी कॉमन रूममधल्या टीव्हीसमोर बसावे. एक चित्र, दीडशे डोळ्यांच्या जोड्या! यापेक्षा स्वस्त युक्ती एमआयटीलाही सापडायची नाही, आणि ओरडायला मजाही तिथेच येते. रेक्टरसाहेबांना मात्र मोठ्यांच्या पत्रातून कळवा, की अकरानंतर वाय-फाय बंद केले तर शांत वेळेत बघणारी मुलेही अकराच्या आत गर्दी करतील आणि चक्र अधिकच फिरेल. त्यापेक्षा टोकाला आणखी एक राउटर, हळू आवाजाचा.

आता तुमच्यासाठी कोडे. सरांनी सहा आकडे सांगितले: ८, ३, ११, ८, ६, १४, आणि सातवा त्यांची बेरीज, ५०. तुमचे तिसरा आणि पाचवा असे दोन आकडे निसटले. एका बेरजेने भागेल का? नसेल तर सरांकडे आणखी कोणती बेरीज मागाल? आणि शेजारच्याचे पहिला आणि चौथा निसटले असतील, तर तुम्हां दोघांनाही पुरेल अशी एकच जादा बेरीज कोणती? एकाहून अधिक उत्तरे आहेत. पोस्टकार्डावर मावतील तेवढी लिहून पाठवा.